दिली म्हणजे होती

डॉक्टरणीनं माझ्या तोंडात गुलाबी लगदा भरला आणि सांगितलं, आजी, तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. कवळीचं माप होतं. बाहत्तर वर्षांत मला तीन मिनिटं गप्प बसवणारी ही पहिलीच, आणि तीही माझ्या नातीच्या वयाची. लगदा आधी थंड लागला, मग हिरड्यांना धरून बसला, जीभ खाली कुठंतरी चेंगरून पडली. डोक्यावरच्या दिव्याच्या काचेत एक म्हातारी उलटी दिसत होती, तोंडात मापाचा लोखंडी चमचा घेतलेली. ती मीच, हे कळायला वेळ लागला. आणि तेवढ्यात बाहेरच्या बाकड्यावरून बाळारामचा आवाज आला. बाळाराम माझा थोरला. तो मुरबाडला नसतो, भारतातच नसतो. कुठल्या देशानं विषारी वायूचे बॉम्ब लपवलेत, कुणी मोडून टाकलेत, हे देशोदेशी जाऊन बघणारं एक पथक आहे, त्याचा तो मोठा साहेब. बोलतो इंग्रजीत, पण आवाज माझ्या पोटातला, तो मी कुठंही ओळखीन. आता मात्र तो आवाज तुकड्यातुकड्यानं येत होता. कुणीतरी त्याची दोन बोलणी कापून एकाला एक जोडली होती आणि मागं लग्नाच्या हळदीत वाजतो तसा बेंजो लावला होता. तो इंग्रजीत नाही म्हणायचा, बेंजो वाजायचा, तो आहे म्हणायचा, बेंजो वाजायचा. आणि एक बाई मराठीत ओरडायची, हाय का नाय, नाय का हाय. बाकड्यावरची माणसं हसत होती. एक म्हणाला, “अरे हा आपल्या मुरबाडचाच ना? सकाळी नाय, दुपारी हाय!” दुसरा म्हणाला, “बायकोनं विचारलं भाजी आणली का, तरी तीन वेळा फिरवत असंल.” दारात माझी नात, धाकट्याची मुलगी समीक्षा, उभी होती. ती बाहेर बघत होती आणि मुद्दाम माझ्याकडं बघत नव्हती. तीन मिनिटं झाली नव्हती. मी तो चमचा माझ्या हातानं ओढून काढला, हनुवटीवर लगदा तसाच ठेवून बाहेर गेले आणि म्हटलं, “हसा, हसा. तुमाला डेपोतली एष्टी किती वाजता सुटती ता विचारला तर तीन जण तीन टाइम सांगाल. त्याला अख्खा देश विचारलाय.” असं मी म्हटलं. पण तोंडात दात नव्हते आणि लगदा होता. ती माणसं घाबरून उठली, एकानं मला बसायला जागा दिली, आणि दुसरा हळूच समीक्षाला म्हणाला, काय म्हणतात आजी?

माझं बोलणं कुणाला कळलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. लोकांना माझं बोलणं लागतं, झोंबतं, पण कळत नाही असं कधी नव्हतं. रिक्षानं घरी निघालो. नाक्यावरून जाताना वर बघितलं. गेल्या दिवाळीला तिथं बाळारामचं बॅनर होतं, ‘मुरबाडचा सुपुत्र, जगाचा तपासनीस’. त्यात त्याचं तोंड सुपारीएवढं आणि शुभेच्छा देणाऱ्यांची तोंडं कलिंगडाएवढी. तेव्हा तो आला होता. हॉलमध्ये सत्कार झाला, मलाही पुढच्या रांगेत बसवून शाल घातली. आता त्याच चौकटीवर कसल्याशा क्लासची जाहिरात आहे. समीक्षा म्हणाली, “आजी, लक्ष नको देऊ. लोकं दोन दिवसात विसरतात.” मी म्हटलं, “मला लोकांचं सांगू नको. तो काय म्हणाला ते सांग. एक शब्द गाळायचा नाय, एक घालायचा नाय.” पोरगी कल्याणला कॉलेजला जाते, इंग्रजी तिला येतं. घरी आल्यावर तिनं मोबाइल घेतला आणि मला खाटेवर बसवून एकेक करून ऐकवलं. पहिलं दिवाळीच्या आधीचं: त्या देशानं हत्यारं मोडून टाकली, जवळजवळ सगळी, धोक्याचं आता तिथं काही उरलेलं नाही. दुसरं त्यानंतर चार महिन्यांचं: मी तेव्हा घाई केली, त्यांनी काही लपवलं आहे असं मानायला जागा आहे. तिसरं गेल्या आठवड्यातलं: आम्हाला सापडलं नाही, पण नाही असं मला म्हणता येणार नाही. त्या देशाचं नाव समीक्षानं दोनदा सांगितलं, माझ्या तोंडी ते बसत नाही, म्हणून मी तो देश एवढंच म्हणते. येत्या गुरुवारी बाळारामनं मोठ्या सभेपुढं उभं राहून शेवटचं सांगायचं होतं. तो ‘आहे’ म्हणाला, तर त्या देशावर बॉम्ब टाकायला विमानं जाणार होती. “आणि ‘नाय’ म्हणला तर?” मी विचारलं. “तर आता कुणी ऐकेल का, ते माहीत नाही,” समीक्षा म्हणाली.

मी दुसरीपर्यंत शिकले. पण शब्दाला शब्द कसा वेगळा असतो, ते मला कुणी शिकवायला नको. आमच्याकडं ‘नाय’ निराळं आणि ‘गावला नाय’ निराळं. बकरी गावली नाय म्हणजे बकरी मेली, असं कुणी धरत नाही. माणूस परत डोंगराकडं बघतो. बाळाराम तिसऱ्या वेळी ‘गावला नाय’ म्हणाला होता आणि टीव्हीवाल्यांनी त्याचं कधी ‘नाय’ केलं, कधी ‘हाय’ केलं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला बरं वाटलं. कल्याणच्या एका मोबाइल चॅनेलचा ओमकार नावाचा मुलगा चार दिवस फोन करत होता, आजी, आई म्हणून तुमचं काय म्हणणं आहे. मी मनात जुळवलं, त्याला हेच सांगायचं, बकरीचं. पण आई असले तरी मी बहिरी नाही. पहिल्यात आणि दुसऱ्यात तो फिरला होता. नुसता टीव्हीत नाही, खराच फिरला होता. दुसऱ्या बोलण्यात त्याचा आवाज कोरडा होता, लहानपणी खोड केली की व्हायचा तसा नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी खोड पकडली की व्हायचा तसा. काय झालं होतं मधल्या चार महिन्यांत? कुणी दटावलं? कुणी फितवलं? हे विचार दुपारभर माझ्या हिरडीत ठणकत राहिले. मग चारच्या सुमाराला त्याचाच फोन आला. तिकडं अजून दुपार व्हायची होती.

“आये, जेवलीस?” हे तो जगात कुठूनही विचारतो. एवढा मोठा साहेब, पण माझ्याशी बोलताना वैशाखऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावचाच होतो. “जेवले,” मी खोटं सांगितलं. “तू काय करून बसलास रे? इथं बेंजो लावून नाचवतात तुला.” तो हसला, पण ते हसणं पोकळ होतं. “नाचवूदे. इकडं आमच्या इमारतीच्या बाहेर पण पाट्या घेऊन उभी हायेत लोकं. अर्धी म्हणतात मी विकला गेलो, अर्धी म्हणतात मी आधीच विकलेला होतो.” मी म्हटलं, “मग खरं काय? मला सांग. मी कुणाला सांगायची नाय.” तो म्हणाला, “पेपरात आलंय तेवढंच सांगतो, आये. आमी दीड वर्ष शोधलं. जिथं जिथं बोट दाखवलं तिथं खणलं. काय गावलं नाय. ते लोक रोज सांगायचे, नाय, सगळं मोडलं. मी म्हटलं, बरं, नसंल. तसं जाहीर बोललो. पण मोठ्या देशांना पटलं नाय. त्यांनी त्या लोकांची औषधं अडवली, धान्य अडवलं, म्हणाले काढा बाहेर. आणि मग एक दिवस त्यांच्याच माणसांनी वायूची तीन नळकांडी आणून माझ्यासमोर ठेवली. घ्या, म्हणाले, एवढीच होती, आता सोडा आमाला.” “मग?” “मग काय, आये! दीड वर्ष नाय नाय म्हणत होते ना? तीन आली कुठनं? तीन दिली म्हणजे होती. आणि तीन होती म्हणजे आणखी असणार.”

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. ह्याच चालीत, ह्याच कोरड्या आवाजात. चाळीस वर्षांपूर्वी, मुरबाडला यायच्या आधी, गावच्या घरी आमच्या ओटीवर खाकी कपड्यातला एक फौजदार पायावर पाय टाकून बसला होता आणि माझ्या हातचा चहा पिता पिता म्हणाला होता, एक दिली म्हणजे होती, आणि एक होती म्हणजे आणखी असणार, काय पाटील? आणि आमचे हे, गावचे पोलीस पाटील, खाली बघून म्हणाले होते, शक्यता नाकारता येत नाय साहेब.

त्या साली घाटात एक जीप लुटली होती. लुटणाऱ्यांकडं ठासणीची बंदूक होती, म्हणून बाहेरून एक पथक आलं, गावोगाव बिनपरवान्याच्या बंदुका शोधायला. ह्यांनी आधीच कागदावर लिहून दिलं होतं, गावात व वाडीत बिनपरवाना हत्यार नाही. खाली सही, शिक्का. आणि आमच्याच घरात, भाताच्या कणगीत, गोणपाटात गुंडाळलेली सासऱ्यांची बंदूक होती. रानडुकरं यायची, सगळ्यांकडंच असायच्या. तिचा दस्ता तडकला होता आणि त्याला तांब्याची तार आवळलेली होती. पोलीस पाटलाच्या घराची झडती कोण घेतो? फौजदार ओटीवर आला, बाळाराम दहा वर्षांचा, पाटी पुसत बसला होता. फौजदारानं गमतीत विचारलं, काय रे, तुझ्या घरात बंदूक आहे का? बाळारामनं माझ्याकडं बघितलं. त्याला ठाऊक नव्हती. मी नाही अशी मान हलवली. तो म्हणाला, नाय. फौजदारानं त्याच्या गालाला हात लावला. म्हणाला, पोरं खोटं बोलत नाहीत. आणि तिथनं उठून ते सगळे ठाकरांच्या वाडीत गेले, धाऊच्या झोपड्याकडं. धाऊ ठाकर आमच्या आवणावर, भाताच्या लावणीला, राबायचा, ह्यांच्याबरोबर शिकारीला हाका घालायला जायचा. त्यालाही विचारलं. तोही म्हणाला, नाय. त्याच्याकडं खरंच नव्हती. माझ्या पोराच्या खोट्या ‘नाय’ला गालावर हात मिळाला आणि धाऊच्या खऱ्या ‘नाय’ला काठी. तीन दिवस. चौकीच्या मागल्या बाजूला. त्याच्या बायकोला, बुधीला, लोकांनी तिकडं जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी त्याला सोडलं, म्हणाले, संध्याकाळच्या आत बंदूक आणून दे, नाहीतर तुझ्या भावाला उचलतो. धाऊ सरळ आमच्या मागल्या दारी आला. हे पथकाबरोबर दुसऱ्या गावात होते. त्याचा उजवा हात दंडापासून सुजून लाकडाच्या ओंडक्यासारखा झाला होता. म्हणाला, “वयनी, पाटलांची मला द्या. मी देऊन टाकतो. एक गावली की थांबतील ते. नाव नाय घेणार मी.”

मी दिली. कुणाला न विचारता मी दिली, हे मला लिहून ठेवायचंच आहे. कणगीत कोपरापर्यंत हात घातला, भात खसखसत बाजूला झालं, गोणपाट हाताला लागलं. ती बंदूक बाहेर काढताना मला दया आली असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आले. दया आली होतीच. पण त्या दयेच्या खाली दुसरं एक होतं, थंड आणि चपळ: बरं झालं, घरातनं गेली. त्याला मी चहा पण दिला, त्याच्या कपात. त्याचा कप वेगळा असायचा, वळचणीला खोचलेला. धाऊ म्हणाला, ही दिली की संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही दोघंही अडाणी. आम्हाला कुठं माहीत, की नसलेली वस्तू आणून दिली की माणूस सुटत नाही, सापडतो. त्यानं बंदूक फौजदाराच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तो आधीचे तीन दिवस खोटं बोलत होता हे सिद्ध झालं. मग आणखी कुठंय म्हणून दोन दिवस. मग जीप लुटल्याचं त्याच्यावर घातलं. दीड वर्षानं कोर्टानं सोडलं, पुरावा नाही म्हणून. परत आला तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पंचनाम्यावर ह्यांची सही आहे. बंदूक टेबलावर होती, दस्त्याला तांब्याची तार. स्वतःच्या बापाची बंदूक ह्यांनी ओळखली नसेल? घरी आले, पाटावर बसले, मी वाढलं. जेवता जेवता एकदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत ताटाकडं. त्या बघण्याबद्दल आम्ही नवराबायको एकतीस वर्षं, हे जाईपर्यंत, एक अक्षर बोललो नाही. दुसऱ्या कागदावर ह्यांनी लिहिलं, वाडीत एक हत्यार मिळून आले आहे, इतरत्र असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे पण फिरलेच होते की. फक्त त्यांच्यामागं कुणी बेंजो वाजवला नाही.

“आये? आवाज येतोय ना?” बाळाराम तिकडनं विचारत होता. मी गप्प राहू शकले असते. इतकी वर्षं तेच केलं. गेल्या दिवाळीला त्या हॉलमध्ये बाळाराम माइकवर म्हणाला होता, माझे वडील पोलीस पाटील होते, गावातलं लपवलेलं हत्यार त्यांनी सरकारजमा करून दिलं, खरं शोधायची शिकवण मला तिथून मिळाली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी शाल सावरत बसले होते. धाऊ तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती. बाळारामला बापाचा केवढा अभिमान. तो अभिमान खाऊनच तो मोठा झाला, परदेशी गेला, तिथल्या थंडीत उभा राहिला. त्यातला घास मी आता काढून घ्यायचा? पण तिकडं कोण कुठली ती माणसं, हातात तीन नळकांडी घेऊन उभी, एवढीच होती म्हणणारी; मला त्यांचे चेहरे माहीत नव्हते, तर प्रत्येकाला धाऊचा चेहरा यायला लागला, आणि प्रत्येकाचा उजवा हात सुजलेला. “बाला,” मी म्हटलं, “त्यांनी ती दुसऱ्याकडनं आणून दिली असतील.” “कोण असं करंल, आये?” तो वैतागून म्हणाला. “नसलेलं हत्यार कोण आणून देतो? कुठला माणूस?” “धाऊ,” मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. कणगी, गोणपाट, त्याचाच लहानपणचा ‘नाय’, माझी मान, ह्यांची सही. कप वेगळा होता तेही सांगितलं, सांगायची गरज नव्हती तरी.

मग तो बोलला, आणि माझा मुलगा बोलला नाही, साहेब बोलला. “ती बंदूक आपली होती ह्याला पुरावा काय?” मी म्हटलं, “पुरावा? मी सांगतेय ना.” “तू चाळीस वर्षं उलट सांगत होतीस. मी विचारलं होतं तुला, कॉलेजात असताना. तू म्हणालीस धाऊकडं होतीच, ठाकरांकडं असतातच. आज सांगतेस आपली होती. परवा मला बोलायचंय म्हणून सांगतेस का? मला सोपं जावं म्हणून?” “बाला!” “मी कुठलं धरू, आये? आधीचं का आत्ताचं?” त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. तो खरंच विचारत होता. मला सुनेशी, दीराशी, सरपंचाशी भांडता येतं, पण प्रश्नाशी भांडता येत नाही. मी खरं बोलत होते आणि ते खरं माझ्याच तोंडातून आलेलं म्हणून खोटं वाटत होतं. ओटीवर, चौकीत, टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला कसं वाटत असेल, ते मला माझ्या पोटच्या पोरानं दाखवलं. “नको धरू माझं,” मी शेवटी म्हटलं. “कुठलंच नको धरू. पण दिली म्हणजे होती, असं पण धरू नको.” तो म्हणाला, मला मीटिंग आहे, आये, ठेवतो. जेवायचं विचारलं नाही.

बुधवार कसा गेला ते मला आठवत नाही. कुणीतरी आमटीत मीठ जास्त झालं म्हणालं, आणि मी भांडले नाही म्हणून घरात सगळे घाबरले. गुरुवारी दुपारी समीक्षा कॉलेज बुडवून घरी बसली. तिनं मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. बाळाराम दिसला, कोट घातलेला, डोळ्यांखाली काळं. तो बोलायचा, समीक्षा मध्येच थांबवायची आणि मला मराठीत सांगायची. “तो म्हणतो, आपण खूप शोधलं आणि काही सापडलं नाही. म्हणतो, तीन नळकांडी त्यांनी आणून दिली, त्यावरून मी जो अंदाज काढला तो काढायला नको होता. म्हणतो…” तिनं परत मागं नेऊन ऐकलं. “म्हणतो, दडपणाखाली माणसं आपल्याकडं नसलेलं हत्यारही आणून देतात, मला असं एक उदाहरण जवळून ठाऊक आहे. आजी, म्हणजे काय?” मी म्हटलं, “पुढं सांग.” पुढं कुणीतरी त्याला उभं राहून विचारलं, कुठलं उदाहरण? कुठला देश? बाळाराम पाणी प्यायला. ग्लास ठेवला. समीक्षा म्हणाली, “म्हणतो, ते सांगायचा हक्क माझा नाही. ज्यांचा आहे त्यांनी सांगावं.” तासाभरात टीव्हीवर लाल पट्टी आली, तपासनीस पुन्हा फिरले. चौथ्यांदा. एका माणसानं तर हसत हसत बोटं मोजून दाखवली. विमानं गेली की थांबली, ते त्या पट्टीत नव्हतं, अजूनही मला कुणी नीट सांगितलेलं नाही. सभा पुढं ढकलली एवढं समीक्षा म्हणाली. बाळारामला त्या जागेवर ठेवणार नाहीत, असंही म्हणाली. मी ओमकारचा नंबर लावायला सांगितला.

शुक्रवारी सकाळी ओमकार गाडी घेऊन दारात आला. कपाळावर केस आलेले, हातात माइक, माइकला लाल टोपडं. म्हणाला, “आजी, खुर्ची इथं उजेडात घेऊ या. फक्त दोन प्रश्न. मुलगा वारंवार का फिरतो, आणि आई म्हणून काय वाटतं.” मी म्हटलं, “इथं नाय. टोकावड्याच्या पुढं ठाकरांच्या वाडीत चल. आणि वाटेत काय विचारू नको, मला गाडीत मळमळतं.” समीक्षा मागं बसली. वाडीकडं आता डांबरी झालीय. बुधीच्या घरावर पत्रा आलाय, पण अंगण तेच, शेणानं सारवलेलं, आणि त्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली. बुधी उकिडवी बसून ती हातानं उलथत होती. आमच्यात ये-जा होती, लग्नाकार्यात भेटायचो, पण तिच्या अंगणात मी कधी बसले नव्हते. ती म्हणाली, “ये गो पाटलीण, आज कसला माणूस आणलास?” मी उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. “बुधे, ती बंदूक आमची व्हती. धाऊची नव्हती. मी दिली त्याला.” ओमकारनं घाईघाईनं माइक पुढं केला. बुधी फुलं उलथतच राहिली. म्हणाली, “ता मला कशाला सांगतंस? मी संगतीच व्हती. तुज्या मागल्या कुडाच्या पलीकडं. त्याचा हात उचलंना, बंदूक मीच उचलून आणली.”

बाळारामनं मागितलेला पुरावा इथं बसला होता, आठ कोसांवर, इतकी वर्षं. मी तिथंच फुलांच्या कडेला बसले. वास गोड आणि उग्र, डोक्यात चढत होता. “मग बोलली का नायस कधी?” मी विचारलं, आणि विचारताना माझ्या आवाजात जरा दटावणी होती, सवयच ती. बुधी पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली. “बोलली ना. चौकीवर बोलली, कोर्टात बोलली. ते म्हणले, तू त्याची बायको, तू असाच बोलणार. पाटील नाय म्हणतो ना, मंग नाय.” ती परत फुलांकडं वळली. ओमकार एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्याला दोन प्रश्न आठवत नव्हते. मी म्हटलं, “आता मी बोलते. सगळं. सरकारात पण देते. ह्यांचं नाव घालून.” बुधीनं ओमकारला विचारलं, “लिवलास का रं काय?” तो म्हणाला, “आजी, व्हिडिओ होतोय.” “व्हिडिओ तुमचा कापून बेंजो लावतात. कागदावर लिव.” समीक्षानं वही दिली. मी सांगितलं, त्यानं लिहिलं, गुडघ्यावर वही धरून. “वाच,” बुधी म्हणाली. त्यानं वाचलं, “धाऊ नावाच्या आदिवासी इसमाकडे मिळून आलेली बंदूक ही…” “इसम नको,” बुधी म्हणाली. “नाव पुरा लिव.” ओमकारनं पेन थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं, सांगणारी मी होते. मी तोंड उघडलं. वर्षानुवर्षं तो माणूस आमच्या आवणात वाकला, माझ्या हातचा चहा प्यायला, माझ्या घरची बंदूक आपल्या नावावर घेऊन आत गेला. त्याला आम्ही धाऊ म्हणायचो, कधी जमातीवरून धाऊ ठाकर. त्याच्या बापाचं नाव मला ठाऊक नव्हतं. आडनाव असतं, हे सुद्धा माझ्या मनात आलं नव्हतं. बुधीनं थांबायचं तितकं थांबून घेतलं. मला येत नाही, हे तिला नीट बघायचं असावं, आणि मी ते बघू दिलं.

“धाऊ मंगळू आगिवले,” ती म्हणाली. ओमकारनं लिहिलं. ते शब्द कुठं आहेत ते तिनं त्याला बोट ठेवून दाखवायला लावलं.

“हां,” ती मला म्हणाली, “आता सांग पुढचा.”